आठव्या ट्रॅकवरचा रातकिडा

२०२३ च्या दिवाळीआधी साताऱ्याच्या घराचा माळा आवरायला काढला. पितळेची भांडी, मोडका पाळणा, वडिलांच्या जमाखर्चाच्या वह्या असे सारे खाली उतरवताना बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा हाती लागला. आत टेपचे एक रीळ आणि दोन फ्लॉप्या. रिळाच्या खोक्यावर माझ्या मित्राच्या अक्षरात यादी लिहिलेली : १ तंबोरा, २ ढोलकी, ३ आत्या, ४ आत्या, ५ कोरस, ६ टाळ-झांज. सातव्या ओळीत आधी ‘आत्या’ लिहून ते खोडलेले आणि त्यापुढे ‘रिकामा’. आठव्या ओळीत ठळक अक्षरांत ‘कोड – हात लावू नये’. खाली तारीख, मे १९९५.

आत्या २००६ साली गेली. तासगावकडच्या एका खेड्यात तिचे आयुष्य गेले. जात्यावरच्या ओव्या, गौरीची गाणी, पंचमीचे फेर असे शंभरावर प्रकार तिला मुखोद्गत होते. लिहून ठेवलेले काहीच नव्हते, कारण तिला लिहिता येत नव्हते. त्यातली तीन गाणी १९९५ च्या मे महिन्यात साताऱ्यातल्या एका मित्राच्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत आम्ही मुद्रित केली होती. त्या गाण्यांच्या कॅसेटी घरोघरी वाटल्या, आणि बहुतेक घरांतल्या कॅसेटींचे जे होते तेच त्यांचे झाले. कुठली टेपरेकॉर्डरने गिळली, कुणावर भाच्याने क्रिकेटची कॉमेंटरी भरली. आता तिच्या आवाजाचा एकमेव पुरावा म्हणजे हे रीळ.

यादी पुन्हा वाचताना मला एक गोष्ट खटकली. त्या गाण्यांत बासरी होती. मागे सनईसारखा एक सूर होता, व्हायोलिनचा समूहही होता. ते सगळे मला स्पष्ट आठवत होते. मग या यादीत त्यांचे नाव का नाही? आठापैकी एक ट्रॅक तर चक्क रिकामा सोडलेला, आणि दुसऱ्यावर ‘कोड’! याचे उत्तर शोधताना जे हाती आले, ते एका घरापुरते राहिलेले नाही. म्हणून हा प्रपंच.

एका फितीवर अनेक वाटा

साध्या कॅसेटमध्ये डावा आणि उजवा असे दोनच आवाज शेजारी शेजारी धावतात. मल्टिट्रॅक टेपरेकॉर्डरमध्ये त्याच फितीच्या रुंदीत चार, आठ, सोळा किंवा चोवीस समांतर पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टी वेगळी मुद्रित करता येते, वेगळी पुसता येते. सोमवारी ढोलकी भरा, मंगळवारी ती ऐकत गायकाचा आवाज भरा, बुधवारी कोरस. शेवटी सगळ्यांचे प्रमाण ठरवून एकत्र मिसळायचे. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांच्यासाठी ॲम्पेक्स कंपनीने १९५७ साली आठ ट्रॅकचे यंत्र बनवले. सत्तरच्या दशकात दोन इंच रुंद टेपवर चोवीस ट्रॅकची यंत्रे मोठ्या स्टुडिओंत रूढ झाली.

या सोयीने काय घडू शकते याचे सुंदर उदाहरण सांगलीकरांना अभिमान वाटावा असे आहे. सांगलीत १९३३ साली जन्मलेल्या आशा भोसले यांनी १९८७ च्या ‘इजाजत’ चित्रपटात गुलजार यांचे ‘कतरा कतरा’ हे गाणे गायिले. संगीतकार राहुलदेव बर्मन यांनी त्यात आशाताईंचाच आवाज आशाताईंच्या आवाजावर चढवला आहे. एक ओळ संपण्याआधीच दुसरी सुरू होते, आणि दोन्ही गळे एकच. एका माणसाने स्वतःलाच साथ करायची, हे वेगवेगळ्या ट्रॅकवर मुद्रण केल्याशिवाय शक्य नाही.

मोठ्या स्टुडिओला चोवीस ट्रॅक परवडत. साताऱ्यातल्या माझ्या मित्राकडे पाव इंची टेपवरचा आठ ट्रॅकचा जुना रेकॉर्डर होता. आठ ट्रॅक म्हणजे आठ माणसांची जेवणाची पंगत. नववा आला की कुणाला तरी उठवावे लागते. यावर उपाय त्याने मुंबईच्या एका वादकाकडून आणला होता. तो म्हणजे एक संगणक आणि एक कीबोर्ड.

संगणक आवाज साठवत नव्हता

आजच्या मुलांना हे समजावून सांगणे थोडे कठीण जाते. त्या काळचा घरगुती संगणक गाणे ‘मुद्रित’ करू शकत नसे, तेवढी जागाच त्याच्यात नव्हती. तो फक्त सूचना लक्षात ठेवी. अमुक मात्रेला पंचम दाबा, इतक्या जोराने दाबा, इतका वेळ धरा, सोडा. १९८३ साली वाद्यनिर्मात्यांनी एकत्र येऊन या सूचनांची एक सामाईक भाषा ठरवली. तिचे नाव मिडी. १९८५ साली आलेल्या अटारी एसटी या संगणकात मिडीच्या तारा जोडायची सोय मुळातच होती, म्हणून तो जगभरच्या संगीतकारांचा लाडका झाला. आमच्या मित्राकडे त्याच जातीचा होता.

संगणक सूचना पाठवी, कीबोर्ड त्याबरहुकूम बासरी, सनई, व्हायोलिन वाजवी. हे सारे आवाज टेपवर नेण्याची गरजच नसे. शेवटच्या मिश्रणाच्या वेळी टेपवरून आत्याचा आवाज यायचा आणि त्याच क्षणी संगणक बासरी ताजी वाजवायचा. टेपवरच्या ट्रॅकची एवढी बचत. खोक्यावरच्या यादीत बासरी का नाही, याचे उत्तर हे. बासरी टेपवर कधी नव्हतीच. ती त्या दोन फ्लॉप्यांत होती, तीही आवाज म्हणून नव्हे, आज्ञांची यादी म्हणून.

पण मग टेप आणि संगणक एकाच क्षणी, एकाच लयीत चालणार कसे?

कोयनेच्या काठावरून पाहता

दोन घड्याळे एकाच वेळी लावली तरी महिन्याने त्यांत फरक पडतो, हे आपण जाणतो. टेपची गोष्ट त्याहून वाईट. फीत थोडी ताणली जाते, रबरी चाक घसरते, रीळ भरत जाते तसा ओढ बदलतो. जुन्या धाटणीच्या ज्या यंत्रांची मोटर विजेच्या आवर्तनांवर चाले, त्यांची दैना निराळीच. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनांची म्हणायची, पण त्या काळी मागणी वाढली की आकडा खाली सरके.

हिशेब करून पाहू. समजा दोन यंत्रांच्या वेगात हजारात एक एवढाच फरक आहे. पाच मिनिटांच्या गाण्यात ३०० सेकंद. म्हणजे गाणे संपताना ०.३ सेकंदाचे अंतर. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे अर्ध्या मात्रेहून जास्त घसरण! पहिल्या कडव्यात एकमेकांचा हात धरून चाललेली ढोलकी आणि बासरी शेवटच्या कडव्यात दोन वेगळ्या वरातींत असल्यासारख्या वाजतील.

साताऱ्याच्या माणसाला ही अडचण नवी वाटू नये. आपल्याच जिल्ह्यातल्या कोयना प्रकल्पात हा प्रश्न रोज सोडवला जातो. एखादे जनित्र फिरू लागले म्हणून लगेच राज्याच्या वीजजाळ्याला जोडता येत नाही. त्याची आवर्तने जाळ्याच्या आवर्तनांशी जुळली पाहिजेत, दाब जुळला पाहिजे, आणि लाटेचा चढ-उतारही नेमका एकाच वेळी आला पाहिजे. मगच कळ दाबायची. संगीतातली ‘सम’ म्हणतात ती विजेलाही साधावी लागते.

सांगलीनेही हा पेच फार पूर्वी पाहिला. मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत पिक्चर्स या सांगलीच्या कंपनीचा ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट १९३४ चा. नाटक मंडळीत ऑर्गन आणि तबला गायकाच्या डोळ्याकडे पाहून साथ करत. बोलपटात कॅमेऱ्याला आणि ध्वनियंत्राला डोळे नसतात. चित्र एका फिल्मवर आणि आवाज दुसऱ्या फिल्मवर घ्यायचा, तर दोन्ही यंत्रांच्या मोटरी एका लयीत बांधाव्या लागत, आणि सुरुवातीला ती सुप्रसिद्ध लाकडी पाटी आपटावी लागे. पाटी मिटताना दिसली तो क्षण आणि ‘खट्’ ऐकू आले तो क्षण जुळवला की पुढचे सारे जुळले. ही पाटी म्हणजे शुभारंभाचा नारळ आहे असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ती दोन यंत्रांमधली समेची खूण आहे.

मैलाचे दगड

१९६७ साली लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बीटल्सच्या ‘अ डे इन द लाइफ’ या गाण्यासाठी वाद्यवृंद मुद्रित करायचा होता. यंत्रे चार ट्रॅकची, जागा संपलेली. तिथले तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी एक युक्ती केली. एका यंत्राच्या एका ट्रॅकवर ५० आवर्तनांचा सलग सूर भरला आणि त्या सुरावर दुसऱ्या यंत्राची मोटर चालवली. वेग जुळला. पण सुरुवात? ती हातानेच साधावी लागली. दोन्ही यंत्रे एकदम सुरू करायची, चुकले की पुन्हा.

सलग सूर वेग सांगतो, ठिकाण सांगत नाही, ही यातली मेख आहे. बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांवरून गाडी किती वेगाने चालली ते कळेल, पण कऱ्हाड आले की उंब्रज, ते कळणार नाही. त्यासाठी मैलाचा दगड हवा, आणि त्यावर आकडा हवा.

असे दगड टेपवर रोवण्याची पद्धत त्याच सुमारास तयार झाली. अवकाश संशोधनातल्या नोंदींच्या टेपवर वेळ लिहिण्याची रीत आधीपासून होती. १९६७ साली अमेरिकेतल्या ईको या कंपनीने ती दूरदर्शनच्या चित्रफितींच्या संकलनासाठी वापरात आणली. पुढे तिथल्या चित्रपट व दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या संस्थेने तिला प्रमाणरूप दिले. त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून तिला ‘एसएमपीटीई टाइमकोड’ म्हणतात.

तिची रचना अशी. दर सेकंदाचे २५ भाग करायचे, कारण आपल्याकडच्या आणि युरोपातल्या दूरचित्रवाणीत सेकंदाला २५ चित्रे असत. प्रत्येक भागाला एक पत्ता द्यायचा : तास, मिनिट, सेकंद, चित्र. हा पत्ता शून्य आणि एक अशा ८० खुणांमध्ये लिहायचा. म्हणजे दर सेकंदाला २००० खुणा. शून्याच्या जागी लहर एकदा उलटते, एकाच्या जागी दोनदा. प्रत्येक पत्त्याच्या शेवटी सोळा खुणांचा एक ठराविक शिक्का असतो. त्यावरून एक पत्ता कुठे संपला आणि टेप सुलटी चालली आहे की उलटी, हे दोन्ही कळते.

हा कोड ध्वनी म्हणून टेपच्या एका ट्रॅकवर मुद्रित करतात. स्टुडिओच्या भाषेत याला टेप ‘स्ट्राइप’ करणे म्हणतात. गाण्याचा एकही सूर भरण्याआधी सुरुवातीपासून शेवटपर्यंत शेवटचा ट्रॅक कोडने भरून घ्यायचा. मग टेप चालली की एक छोटी पेटी तो कोड वाचते आणि संगणकाला सांगत राहते. १९८७ साली मिडीच्या भाषेत यासाठी खास संदेश आले. दर चित्राला चार, म्हणजे सेकंदाला शंभर. संगणक ते ऐकून टेप कुठे आहे ते समजून घेतो आणि तिथून बासरी वाजवू लागतो. टेप मधूनच सुरू करा, दुसऱ्या कडव्याला न्या, मुखड्यावर परत आणा. क्षणभरात संगणक तिला गाठतो आणि हात धरून चालू लागतो.

यात टेप यजमान आणि संगणक पाहुणा. नव्या हुशार यंत्राने जुन्याच्या मागे का चालायचे? कारण साधे आहे. टेपची जड चाके क्षणोक्षणी वेग बदलू शकत नाहीत, संगणकाला ते सहज जमते. घरात म्हातारी माणसे हळू चालतात म्हणून तरुणांनी आपले पाऊल आवरते घ्यायचे, तसेच हे. मोठ्या स्टुडिओंत याच कोडच्या आधारे दोन चोवीस ट्रॅकची यंत्रेही एकत्र बांधत. प्रत्येकाचा एक ट्रॅक कोडला गेला तरी ४६ उरत.

अमेरिकेतला एक घोळ मात्र सांगितलाच पाहिजे. तिथे सेकंदाला ३० चित्रे होती. १९५३ साली रंगीत दूरचित्रवाणीचे प्रमाण ठरले तेव्हा तांत्रिक कारणाने ती २९.९७ करावी लागली. त्यामुळे कोडचे घड्याळ खऱ्या घड्याळाच्या मागे पडू लागले, तासाला ३.६ सेकंद. उपाय असा काढला की दर मिनिटाच्या सुरुवातीला दोन आकडे गाळायचे, फक्त दर दहाव्या मिनिटाला गाळायचे नाहीत. तासाला असे १०८ आकडे गळतात आणि हिशेब जुळतो. चित्र एकही जात नाही, जातो तो फक्त आकडा. आपल्या पंचांगातल्या क्षयतिथीसारखेच की! चतुर्थीनंतर एकदम षष्ठी येते, पण आयुष्यातला दिवस काही कमी होत नाही.

साताऱ्यातले दोन दिवस

आता १९९५ च्या मे महिन्याकडे वळू. आत्या सकाळच्या एसटीने साताऱ्याला आली. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, पिशवीत मित्रासाठी शेंगदाण्याचे लाडू. तिच्यासाठी रेकॉर्डिंग म्हणजे रेडिओ. १९६३ साली सुरू झालेल्या आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर तिने आयुष्यभर गाणी ऐकली होती. तिला वाटले होते तसे मोठे काही इथे नव्हते. दाराला गोधड्या लावलेली एक खोली, मिरजेचा एक तंबोरा, आणि काचेपलीकडे आमचा मित्र.

मित्राने आदल्या रात्री टेपवर कोड भरून ठेवला होता. तो नीट आला का, हे पाहण्यासाठी त्याने क्षणभर आवाज मोठा केला. कर्कश, एकसुरी, न थांबणारी किरकिर खोलीत भरली. आत्या दचकलीच.

“काय रं ह्ये? रातकिडा कशाला कोंडलाय पेटीत?”

“आत्या, हा आपला वाटाड्या आहे,” मित्र म्हणाला. “तुम्ही कुठवर आलात ते हा त्या संगणकाला सांगतो.”

“मी गाती ते ऐकू येत न्हाई व्हय त्याला?”

ऐकू येत नव्हते, हे खरेच. त्या संगणकाला गाणे कळत नव्हते, फक्त किरकिर कळत होती.

पहिली दोन गाणी दुपारपर्यंत झाली. तिसऱ्याला घोटाळा झाला. आत्याला एका ओवीत स्वतःलाच झील धरायची कल्पना फार आवडली होती. पण तिसऱ्या-चौथ्या ट्रॅकवर आवाज होते, पाचव्यावर कोरस, सहाव्यावर टाळ. सातवा तेवढा रिकामा. कोडच्या शेजारचा ट्रॅक मोकळा ठेवावा हा नियम मित्राला ठाऊक होता, पण मोह आवरला नाही. झील सातव्यावर भरली. ऐकायला बसलो तर आत्याच्या प्रत्येक श्वासाच्या फटीत रातकिडा. पाव इंची टेपवर आठ पट्ट्या इतक्या चिकटून असतात की एकीचा आवाज दुसरीत पाझरतोच. शिवाय शेजारचा आवाज जोरात आला की कोडही वाचता येईनासा होतो. याच कारणाने कोड बेताच्या पातळीवर भरतात, आणि खरखर दाबणाऱ्या यंत्रणेतून तो नेत नाहीत, नाहीतर त्याच्या कडा बोथट होतात.

मित्राने कोरस आणि टाळ एकाच ट्रॅकवर एकत्र केले, सहावा मोकळा करून घेतला. आत्याची संध्याकाळची एसटी चुकली. ती मात्र शांतपणे म्हणाली, “पुन्यांदा म्हन्ती की. दळण निवडलं नसलं तर पुन्यांदा निवडतोच न्हवं?” आणि एका दमात तिने ती झील गायिली. खोक्यावर खोडलेल्या ‘आत्या’ या शब्दाची कथा ही. सहाव्यापुढची नोंद बदलायची राहून गेली ती राहिलीच.

दुसऱ्या दिवशी दुसरी फजिती. सकाळी गाणे लावले तर ठेका अचूक, बासरी मात्र बेसूर. बऱ्याच वेळाने उलगडा झाला. टेपचा वेग किंचित कमी-जास्त करण्याचा एक खटका यंत्रावर असतो. आदल्या दिवशी त्याला कुणाचा तरी हात लागला होता आणि टेप किंचित हळू चालत होती. तंबोरा, गळा आणि बासरी सारे त्या वेगात जुळवलेले. रात्रीत खटका जागेवर आला, टेप जलद झाली, आत्याचा आणि तंबोऱ्याचा सूर चढला. वेग शंभरात सहा वाढला तर पूर्ण अर्धा स्वर चढतो. संगणकाने कोडच्या मागे इमाने धावून लय वाढवली, पण त्याची बासरी आपल्याच सुरात राहिली. टाइमकोड ताल जुळवतो, सूर जुळवत नाही. आत्याने हे यंत्र न समजता ओळखले होते. “ताल बसलाय, सूर बसला न्हाई,” ती पहिल्या ओळीलाच म्हणाली होती.

जे टेपवर नव्हते ते

आमच्या स्टुडिओचा काळ तेव्हाच सरत आला होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला व्हिडिओ कॅसेटवर आठ ट्रॅक अंकीय पद्धतीने भरणारी यंत्रे आली. मग संगणकच इतका मोठा झाला की त्याने टेपला पोटात घेतले. आज मोबाइलवरही डझनभर ट्रॅक भरता येतात. वेगळे यंत्रच उरले नाही, तेव्हा दोघांना बांधणारी दोरी लागतच नाही. टाइमकोड मात्र संपलेला नाही. चित्रपटाच्या आणि मालिकांच्या चित्रीकरणात, अनेक कॅमेऱ्यांच्या कार्यक्रमांत तो आजही धावतो. कॅमेरे वेगळे, ध्वनियंत्र वेगळे, पण पत्ता एकच.

मित्राने पुढे यंत्रे विकली. २०२३ साली रीळ सापडल्यावर आम्ही दोघे ते घेऊन मुंबईतल्या एका जाणकार तंत्रज्ञाकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “घरी कुठे लावून पाहिलंत का?” नाही म्हटल्यावर त्यांना बरे वाटले. काही बनावटींच्या जुन्या टेपचा लेप दमट हवेत चिकट होतो, आणि तशी टेप चालवली तर आवाज यंत्राच्या डोक्यावर खरवडून निघतो. तशी टेप जाणकाराने ठरावीक उष्णतेत सुकवूनच एकदा चालवायची असते. आमची टेप सुदैवाने ठीक होती, थोडी बुरशी फक्त.

त्यांचा दुसरा प्रश्न : “कोडचा ट्रॅक घ्यायचा का? त्यात गाणं तर काही नाही.” बहुतेक लोक तो सोडून देतात, असे ते म्हणाले. मित्र जवळजवळ ओरडलाच, “तोच आधी घ्या!” आठही ट्रॅक एका वेळी, एकाच फेरीत संगणकात उतरवले.

तीन गाण्यांतला आत्याचा आवाज जसाच्या तसा आला. पहिला श्वास, घसा खाकरणे, मध्येच “हं, आता?” असे विचारणे. आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही.

मग फ्लॉप्या. एकीवर बुरशी चढली होती, ती वाचता आली नाही. दुसरी वाचली गेली. मित्राला तेव्हा एक चांगली सवय होती. काम संपल्यावर तो गाण्याची एक प्रत कुठल्याही प्रणालीला वाचता येईल अशा सर्वसामान्य मिडी स्वरूपातही ठेवी. त्यामुळे दोन गाण्यांच्या सूचना मिळाल्या. आठव्या ट्रॅकवरचा कोड नव्या संगणकाने वाचला आणि अठ्ठावीस वर्षांनी बासरी नेमकी त्याच मात्रेवर, त्याच जागी आली. आवाज मात्र तोच नव्हता. तो कीबोर्ड आता कुठे असेल कोण जाणे. आज्ञा राहिल्या, गळा बदलला.

तिसरे गाणे, ज्यात आत्या स्वतःलाच झील धरते, त्याची बासरी कायमची गेली.

ही एका घरची हकीकत, पण अशी रिळे पुष्कळ ठिकाणी असणार. सातारा-सांगलीची माती गाण्याने समृद्ध आहे. पठ्ठे बापूरावांचे रेठरे, काळू-बाळूंचे कवलापूर, शाहीर साबळ्यांचे पसरणी ही सगळी याच पट्ट्यातली गावे. ऐंशी-नव्वदच्या कॅसेटयुगात भक्तिगीते, लोकगीते, तमाशाची गाणी छोट्या-मोठ्या स्टुडिओंत मुद्रित झाली. त्यांची मूळ रिळे कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या पेटीत पडून असतील. घरात असे काही असेल तर ते उभे, कोरड्या जागी ठेवा. लाउडस्पीकर आणि लोहचुंबकापासून दूर ठेवा. हौसेने लावून पाहू नका. खोक्यावरचा कागद फेकू नका, त्यावरच्या दोन ओळी टेपइतक्याच मोलाच्या असतात. सोबतची फ्लॉपी भंगारात देऊ नका. आणि उतरवून घ्याल तेव्हा सगळे ट्रॅक घ्या, किरकिर करणारासुद्धा.

तिसरे गाणे पूर्ण करण्यासाठी नवी बासरी वाजवून घ्यावी का, यावर आमच्या घरात दोन मते होती. कोड शाबूत असल्याने ते सहज करता आले असते. शेवटी आत्याच्या नातीने निर्णय दिला. दिवाळीत सगळे जमले तेव्हा तिने ते गाणे आहे तसेच लावले. तंबोरा, ढोलकी आणि आत्याचे दोन गळे. तिच्या सहा वर्षांच्या मुलाने मध्येच विचारले, “ह्या दोघी कोण आहेत?”

“दोन्ही पणजीच आहे,” ती म्हणाली.

त्याला ते पटले नाही. त्याने पुन्हा लावायला सांगितले.